रायपूरची नगरपालिका

नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ साली संपून छत्तीसगड इंग्रजांकडे गेल्यावर, १८६७ मध्ये रायपुरास नगरपालिका मिळाली. ज्या वामनराव लाख्यांनी माधवराव सप्र्यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकाचे प्रकाशन शिरावर घेतले, सहकारी चळवळीचा पाया घातला आणि असहकाराच्या हाकेसरशी ‘रायसाहेब’ हा सरकारी किताब टाकून दिला, त्यांनीच पुढे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले, ही गोष्ट मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरावी अशी आहे. किताब सरकारच्या मर्जीने मिळतो, अध्यक्षपद नगरजनांच्या विश्वासाने. आणि माझ्या मते दुसराच मान थोर. राजनांदगावच्या गिरणी-कामगारांचे पुढारी ठाकूर प्यारेलाल सिंह यांनाही तो लाभला. १९६७ साली महानगरपालिका झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मतदारांनी मीनल चौबे यांस थेट महापौर निवडले.