काचेमागची आस्थापना

बीडजवळची खजाना विहीर तिथल्या अनेक शिक्षकांनी मुलांना दाखवलेली असते. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचे पाणी भुयारी पाटातून केवळ उताराच्या जोरावर शेताकडे जाते. पंप नाही, रात्रपाळीचा माणूस नाही. सहल मुंबईला गेली की मुले तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभी राहत. तिथले पाणी मात्र माणसांवाचून टिकणारे नव्हते. ही माणसे कोण, त्यांना कोण नेमते, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला निघत नाही. आम्हाला तो विज्ञानाचाच वाटतो.

जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडले. वनस्पती प्राणवायू पुरवतील, मासे कर्बवायू, आणि टाकीचा संसार आपोआप चालेल, अशी तेव्हाची समजूत. रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या प्रयोगांनी तिला बळ दिले होते. लहान भांड्यात हे जमते. माशांनी गजबजलेल्या मोठ्या टाकीत जमत नाही.

यातून वाट काढणारा विल्यम आल्फर्ड लॉइड हा काही प्राध्यापक नव्हता. पुस्तकांच्या दुकानात नोकरी केलेला हा गृहस्थ मत्स्यालयाच्या सामानाच्या धंद्यात बुडाला, मग हॅम्बुर्गच्या मत्स्यालयाचा प्रमुख झाला, आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयाची व्यवस्था त्याच्याकडे आली. काचेच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा अंधारात ठेवायचा आणि पाणी रात्रंदिवस फिरवत राहायचे, ही त्याची पद्धत. 'रात्रंदिवस' म्हटले की पाळ्या आल्या, बदली माणूस आला, रजेचा हिशेब आला!

पाणी फिरवण्याचे खरे महत्त्व पुढे कळले. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. हे जिवाणू वाळूवर, गाळणीवर वाढतात, आणि त्यांना प्राणवायूयुक्त पाणी सतत लागते. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे ३१ मार्चपूर्वी अनुदान संपवायचे म्हणून एकदम मासे विकत आणले, तर कागद नियमात बसतील, मासे मात्र मरतील. टाकीचे वेळापत्रक आस्थापना शाखेलाही ठाऊक हवे ते यासाठी.

तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तारापोरवाला कुटुंबाची देणगी होती, कारभार सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. त्या वेळी बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेव्हापासून बीडच्या तलावांतले मत्स्यबीज आणि मरीन ड्राइव्हवरचे शोभेचे मासे एकाच खात्याच्या दप्तरात आले. १९६१ पासून मुंबईतल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळू लागले. पण अधिकारी म्हणजे सारी आस्थापना नव्हे. टाकी घासणारा, पंप पाहणारा, तिकीट फाडणारा, सेवापुस्तकात वेतनवाढीची नोंद करणारा कारकून, या सर्वांच्या जागा मंजूर असाव्या लागतात. कोणता मासा कालपासून खात नाही, हे टाकी घासणाऱ्याला आधी कळते. तो निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, की हे ज्ञान कोणत्याही फाइलमध्ये सापडत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मत्स्यालयाची दारे बंद झाली, ती पुढे कित्येक वर्षे उघडली नाहीत. प्रेक्षक थांबवता येतात. टाकीत मासे आहेत तोवर पाळी थांबवता येत नाही.

शाळेत लहानशी टाकी ठेवणार असाल, तर मासे आणण्यापूर्वी मुलांकडून मे महिन्याच्या सुट्टीचे पाळीपत्रक करून घ्यावे. नळाचे किंवा टँकरचे पाणी असेल तर ते उघड्या बादलीत दोन दिवस ठेवून मगच वापरावे. त्यातला क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना सारखाच बाधतो. ती बादली कोण भरणार, त्याचेही नाव पत्रकात असू द्यावे.