निवेदनातला न वाचलेला भाग

हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १८८२ साली दिलेले निवेदन आपल्याकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आठवले जाते. ते पुन्हा वाचताना मी थबकलो तो हायस्कुलांविषयीच्या मजकुरापाशी. तिथले शिक्षण रोजच्या व्यवहाराला निरुपयोगी आहे, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निपजतात, मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही ग्रासले आहे, अशी जोतीरावांची तक्रार होती. परीक्षेला बसणारी मुले देशाच्या मानाने थोडी, पण सरकारी नोकऱ्यांच्या मानाने फार, हेही त्यांनी हेरले होते. (लिहिणारा स्वतः बांधकामाचे ठेके घेणारा माणूस होता!) प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीला त्यांनी शेतीचे ज्ञान मागितले.

पुढे आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे. दुसरी वाट फारशी रुळली नाही. पालकांच्या हट्टाला दोष देणे मला पटत नाही; प्रतिष्ठा आणि पगार पहिल्याच वाटेवर होते. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली खरी, पण माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड द्या, असे १९६६ साली कोठारी आयोगाला पुन्हा सांगावे लागले.