मेणाच्या प्रतिकृतींपासून संगणकाच्या नजरेपर्यंत

त्वचारोगाचे निदान प्रामुख्याने पाहण्यावर आधारलेले असल्यामुळे त्याच्या इतिहासात प्रतिमेला नेहमीच मोठे स्थान राहिले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी पुरळ, फोड, खवले अशा दृश्य लक्षणांवरून रोगांची विभागणी केली. पुढे पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात, मुळात कागदी लगद्याची फळे घडविणाऱ्या ज्यूल बारेता या कारागिराने रुग्णांच्या अंगावरून साचे घेऊन रंगीत मेणाच्या प्रतिकृती केल्या आणि शिकाऊ वैद्यांची नजर त्यांवर तयार होऊ लागली.

संगणकाचे शिक्षण याहून फारसे वेगळे नाही. डीप लर्निंग, म्हणजे अनेक स्तरांच्या गणिती जाळ्याने उदाहरणांवरूनच लक्षणे शोधण्याची पद्धत, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सुमारे १,२९,४५० चित्रांवर वापरली. हे जाळे आधी प्राणी आणि वस्तूंच्या सर्वसाधारण छायाचित्रांवर तयार झालेले होते, तरीही मेलानोमा, अर्थात रंगद्रव्य पेशींचा कर्करोग, ओळखण्यात ते २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरले. मात्र संशयास्पद डागाशेजारी डॉक्टर मोजपट्टी ठेवीत असल्याने, पट्टी दिसताच कर्करोग मानण्याकडे या यंत्राचा कल असल्याचे त्याच चमूला आढळले. त्याहून गंभीर उणीव २०२२ च्या एका अभ्यासाने दाखविली: प्रशिक्षणाच्या चित्रांत गोरी कातडी बहुसंख्य असल्याने सावळ्या त्वचेवर अशा प्रणालींची अचूकता घसरत होती.