हटनचें गणित मराठींत

एखाद्या शेताचीं चारहि अंगें तेरा तेरा काठ्या भरलीं, तर त्या शेताचें क्षेत्र किती? दोनशें वर्षांपूर्वीं पंतोजींच्या शाळेंतील हुशार मुलाला हा प्रश्न घातला असता, तर त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां १६९ हें उत्तर दिलें असतें. आणि बहुधा तें चुकलें असतें. शेताचे कोपरे काटकोनांत असतील तरच तें १६९ चौरस काठ्यांचें. तेंच शेत एका अंगाला कललेलें असून त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांपासून दहा काठ्यांवर आले, तर चारहि बाजू तेवढ्याच राहून क्षेत्र १२० चौरस काठ्यांवर उतरतें. वीस चौरस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा, असें जुनें कोष्टक आहे. म्हणजे पहिलें शेत आठ पांड नऊ काठ्यांचें, आणि दुसरें अवघें सहा पांडांचें. नुसत्या बाजू मोजून सारा ठरविला, तर दोन्हीं शेतांना तो सारखाच बसावयाचा.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत या चुकीचा मोठ्या गमतीनें समाचार घेतला आहे. कर्ण किंवा लंब न सांगतां नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणारा मनुष्य पिशाच समजावा, आणि त्याला उत्तर देणारा त्याहूनहि मोठा पिशाच समजावा, असा त्यांचा अभिप्राय आहे. परंतु लीलावती पडली संस्कृतांत. ती शास्त्र्यांच्या आणि जोशांच्या घरीं पोथीच्या रुमालांत बांधलेली असे. कुळकर्ण्याच्या दप्तरापर्यंत ती क्वचितच पोंचली असेल.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि हा सारा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. जमिनीची मोजणी, रस्ते, पूल, इमारती अशीं कामें एकदम पुढें उभीं राहिलीं. प्रत्येक कामावर गोरा मनुष्य नेमावयाचा, तर त्याचा पगार सरकारास परवडण्यासारखा नव्हता. तेव्हां येथल्याच मुलांना हें शास्त्र शिकवावें, असा विचार निघाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्या वेळीं मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकीर्दींत, १८२३ सालीं, मुंबईस इंजिनियर इन्स्टिट्यूशन या नांवाची शाळा निघाली, आणि ती चालविण्याचें काम कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनियराकडे आलें. सरकारचा हेतु काटकसरीचा होता, हें उघड आहे. त्याला उदारपणाचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. मात्र त्या काटकसरींतून जें निपजलें, तें सरकारच्या कल्पनेपेक्षां पुष्कळ मोठें होतें.

शाळेंत येणाऱ्या मराठी मुलाची तयारी काय असे? धूळपाटीवर अक्षर वळविलेलें, मोडी वाचतां-लिहितां येणारी, आणि तोंडीं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हीं सारीं कोष्टकें घोटून घोटून पक्कीं झालेलीं. साडेतीन मणांचा भाव सांगितला, कीं पावशेराची किंमत तो बसल्या जागीं सांगे. या तोंडी हिशेबांत त्याला मागें टाकणें सोपें नव्हतें. परंतु असें कां, हा प्रश्न त्याला कोणी कधीं विचारलेला नसे. त्रैराशिक कां चालतें, वर्गमूळ काढतांना अंकांच्या जोड्या कां पाडावयाच्या, याचें कारण पंतोजींनाहि बहुधा ठाऊक नसे. इंजिनियराचें तर सारें काम या ‘कां’ वर चालतें. पुलाची कमान केवढी घ्यावी, बांधाची रुंदी तळाशीं किती आणि माथ्याशीं किती, हें पाठांतरानें सुटत नाहीं.

अभ्यासाला पुस्तक नेमलें होतें तें चार्ल्स हटन याच्या गणिताच्या अभ्यासक्रमाचें. हा हटन मोठा विलक्षण मनुष्य. १७३७ सालीं न्यूकॅसल येथें त्याचा जन्म झाला. घर कोळशाच्या खाणींतल्या मजुराचें. लहानपणीं हात दुखावलेला, तरीहि कांहीं काळ त्यानें खाणींत काम केलें. पुढें स्वतः शिकून त्यानें शाळा काढली, आणि १७७३ सालीं वुलिच येथील लष्करी विद्यालयांत तो गणिताचा प्राध्यापक झाला. तेथील विद्यार्थ्यांसाठीं त्यानें १७९८ सालापासून हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. अंकगणितापासून आरंभ करून बीजगणित, भूमिति, मोजणी आणि शेवटीं यंत्रशास्त्र व गोळ्याची गति, येथपर्यंत तो विद्यार्थ्याला नेऊन सोडतो. मुंबईची शाळा निघाली त्याच वर्षीं, जानेवारी १८२३ मध्यें, हटन वारला. ज्या मुलांच्या हातीं आपलें पुस्तक जावयाचें होतें, त्यांची त्याला कल्पनाहि नसावी.

पण तें पुस्तक इंग्रजींत होतें, आणि खरी अडचण येथेंच होती. आधीं इंग्रजी शिकवावें आणि मग गणित, असें म्हटलें, तर चार-पांच वर्षें केवळ भाषेंतच जात. जर्व्हिसनें दुसरी वाट धरली. त्यानें स्वतः मराठी व गुजराती या भाषांचा अभ्यास केला, आणि मुलांना पुस्तकाकडे नेण्याऐवजीं पुस्तकच मुलांकडे आणण्याचें ठरविलें. या कामांत त्याला मराठीसाठीं साह्य मिळालें जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांचें. १८२९ सालीं पंडितांनीं तयार केलेला जो महाराष्ट्र भाषेचा कोश छापला गेला, त्याच्या कर्त्यांपैकीं हे एक. एकाला हटन ठाऊक, दुसऱ्याला भास्कराचार्यांची भाषा ठाऊक. एकट्यादुकट्याच्या हातून हें काम झालें नसतें. या जोडीनें हटनच्या आधारें गणिताचीं मराठी पुस्तकें सिद्ध केलीं. शिक्षामाला हें त्यांतील प्रसिद्ध नांव. दुसरें पुस्तक कर्तव्यभूमिति. हें नांवच बोलकें आहे: नुसती सिद्धान्त सांगणारी नव्हे, तर दोरी, कंपास आणि पट्टी घेऊन प्रत्यक्ष करावयाची ती कर्तव्यभूमिति.

या पुस्तकांचें मर्म त्यांतील शब्दांत आहे. भुज, कोटि, कर्ण, लंब, वर्गमूळ, घनमूळ हे शब्द लीलावतींत सातशें वर्षें पडून होते. मुंबईच्या लिटररी सोसायटीनें डॉक्टर टेलर याचें लीलावतीचें इंग्रजी भाषांतर १८१६ सालींच छापलें होतें. म्हणजे हा ठेवा साहेबांनाहि अपरिचित नव्हता. अशा संस्कृत ठेव्यावर मराठी गणिताची परिभाषा उभी राहिली, आणि शास्त्र्यांच्या रुमालांतला कर्ण मोजणीदाराच्या साखळीवर येऊन बसण्याची सोय झाली. तेरा काठ्यांच्या शेतांत आडवी दहा काठ्यांची रेघ ओढली, कीं दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाचा पाया दहा, लंब बारा, क्षेत्र साठ. एवढें समजलेल्या मुलाला पिशाच म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

यंत्रशास्त्राची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें संस्कृत पोथीपेक्षां गवंडी, सुतार आणि शेतकरी यांच्या बोलींत अधिक सामग्री होती. गुण्या हा सुताराचा काटकोन, आणि ओळंबा ही गवंड्याची लंबरेषा. चार हात लांबीच्या पहारेखालीं टोंकापासून अर्ध्या हातावर टेकू दिला, तर पलीकडे साडेतीन हात उरतात; सात मणांचा धोंडा एक मणाच्या दाबानें हलूं लागतो. हें गांवच्या पाथरवटाला हातानें माहीत असतें. सात हा आंकडा मात्र त्याला सांगतां येत नाहीं. मोटेवरचें चाक नाड्याची दिशा तेवढी बदलतें, बैलांचा भार कमी करीत नाहीं. त्यांना खरें साह्य होतें तें धावेच्या उताराचें, कारण उतरतांना त्यांचें स्वतःचें वजन ओढीला मिळतें. तरफ, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र यांचे हटनचे नियम मराठी मुलाच्या अंगणांतच पडलेले होते. त्यांना नांव आणि माप देणारा कोणी तरी हवा होता.

इंजिनियर इन्स्टिट्यूशन फार वर्षें टिकली नाहीं. १८३२ सालीं सरकारनें ती बंद केली. परंतु पुस्तकें शाळेबरोबर गेलीं नाहींत. जर्व्हिस हा शाळापुस्तक मंडळीचाहि चिटणीस होता. तिच्या जिल्ह्यांतील मराठी शाळांकडे हें नवें गणित वळलें, आणि तें शिकविण्यासाठीं शिक्षक तयार करून धाडण्यांत आले. त्याच १८३२ सालीं ज्यांनीं ‘दर्पण’ काढलें, त्या बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढें शून्यलब्धीवर, म्हणजे चलनकलनाच्या गणितावर, मराठींत लिहिलें, यावरून ही वाट कोठवर गेली तें दिसतें.

१८४७ सालीं हाच प्रश्न पुन्हां वादाला आला, आणि तो बराच कडाक्याचा झाला. मुंबईच्या शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजींतच द्यावें या मताचे. आतां कर्नल झालेला जर्व्हिस हा त्याच मंडळाचा सभासद. लोकांना ज्ञान द्यावयाचें तर तें त्यांच्याच भाषेंतून दिलें पाहिजे, हा त्याचा आग्रह. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघेहि देशी सभासद जर्व्हिसच्या बाजूस उभे राहिले. पेरींना इंग्रजीचा कैवार घ्यावासा वाटला, यांत नवल नाहीं. पण ज्या जर्व्हिसनें मराठींतून इंजिनियर शिकविण्याचा प्रयोग स्वतः करून पाहिला होता, त्याचें मत केवळ भावनेचें म्हणून बाजूस सारणें न्याय्य नव्हतें. सरकारनें कोणालाच पुरता कौल दिला नाहीं. व्यवहारांत मात्र पेरींचा पक्ष वरचढ ठरला. १८५१ सालीं जर्व्हिस वारला.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १८५४ सालीं पुण्यास सार्वजनिक बांधकाम खात्यासाठीं इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. तोच वाढत जाऊन कॉलेज ऑफ सायन्स झाला. म्हैसुराहून शिष्यवृत्तीवर आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ सालीं येथूनच उत्तीर्ण झाले. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची भाषा इंग्रजी, तेव्हां या कॉलेजाचीहि तीच. बुद्धिमान मुलें त्यांतूनहि वर आलीं. ज्यांचें गणित भाषेच्या उंबऱ्यावरच अडखळलें, त्यांची मोजदाद कोणत्याहि दप्तरांत नाहीं.

२०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें देशी भाषांतून अभियांत्रिकीचें पदवी-शिक्षण देण्यास परवानगी दिली. त्यांत मराठीहि होती. त्याबरोबरच पाठ्यपुस्तकांचीं भाषांतरें करून घेण्याचें काम परिषदेनें हातीं घेतलें.