आखाती संसाराचा अर्धा अल्बम

कोकणी मुसलमानांच्या आखाती स्थलांतराचा इतिहास बहुधा पैशांच्या हिशेबात सांगितला जातो. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव भडकले, आखातात कामे निघाली, रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची तरुण मुले तिकडे गेली आणि गावात कौलारू घरांच्या जागी स्लॅबचे बंगले उभे राहिले. हे सगळे खरेच आहे. पण त्या बंगल्यांच्या कपाटांत जे अल्बम आहेत, तेही इतिहासाचे साधन आहे असे आम्हाला वाटते.

आमच्या अम्मी-अब्बांचा निकाह १९८७ चा. तोवर दोघांनी एकमेकांना पाहिले होते ते फोटोतच. नानांना तसबिरी पसंत नव्हत्या. पण हजच्या पासपोर्टसाठी स्वतः फोटो काढून बसल्यावर त्यांना फार बोलता येईना. मामूंनी अम्मीचा फोटो कुवेतला पाठवला. उलट टपाली अब्बांचा आला, तो कुवेत टॉवर्ससमोरचा. १९७९ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या निळसर गोळ्यांच्या मनोऱ्यांपुढे फोटो न काढलेला कुवेतवाला आमच्या तालुक्यात विरळाच. अब्बा एका पांढऱ्या मोटारीला टेकून उभे आहेत. मोटार कुणाची, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. अम्मी म्हणते, "मोटारीकडे कोण बघत होतं? शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं, ते दिसलं."

निकाहाच्या दिवशीचा अम्मीचा एकही फोटो नाही. फोटोग्राफर पुरुषांच्या मांडवात होता आणि तिथे सेहऱ्याआड अब्बाही दिसत नाहीत. चौथ्या दिवशी दोघे चिपळूणच्या स्टुडिओत गेले. अब्बा खुर्चीवर, अम्मी बाजूला उभी, मध्ये हातभर अंतर. दोन महिन्यांची रजा संपली आणि अब्बा गेले. पुढची दोन वर्षे जोडीचा फोटो तेवढाच.

मग सुरू झाली फोटोंची ये-जा. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले, अम्मी मराठी शाळेत. कुरआन ती अस्खलित वाचायची, पण अब्बांचे घाईचे उर्दू अक्षर तिला लागत नसे. पत्र खाला वाचून दाखवायची. तिसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या पत्रात नवरा काय लिहिणार? सर्व खैरियत, ड्राफ्ट पाठवला आहे, अम्माजानना सलाम. मात्र १९८८ च्या एका फोटोमागे वेड्यावाकड्या देवनागरीत दोनच ओळी आहेत : "बटण लावले. मी स्वतः लावले." शाळेत सक्तीने शिकलेले मराठी असे कामी आले!

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. त्या वर्षी लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले. त्यांतले बहुतेक अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या विमानांनी. अब्बाही बगदाद, अम्मान करत मुंबईला उतरले. पगार बुडाला, सामान राहिले, आणि खोलीतल्या पेटीत अम्मीने पाठवलेले सगळे फोटो राहिले. म्हणून आमच्या घरचा अल्बम अर्धाच आहे. अब्बा दिसतात, त्यांना पाठवण्यासाठी नटून स्टुडिओत बसलेली अम्मी कुठेच नाही. अशी किती घरे असतील, वाचकांनी आपापले कपाट उघडून पाहावे.

पासपोर्टच्या पाकिटात एकच फोटो परत आला. अम्मीच्या कडेवर एक रडके मूल आहे, ते आम्ही. मागे एक ओळ उर्दूत : मूल चालायला लागले, आता तुम्हीही चालत या. अक्षर अम्मीचे. आम्ही मुलांना उर्दूच शिकवतो. नुक्ते इतके चुकलेत की वर्गात निम्मे गुण कापले असते.

उर्दू लिहायला कधी शिकलीस, असे आम्ही विचारले.

"तुझ्या खालाला सगळंच कशाला कळायला हवं?" अम्मी म्हणाली, आणि फोटो परत पाकिटात ठेवला.