मिल्कवीड: शेतातून घरच्या बागेत

उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराच्या अळीला मिल्कवीड वर्गातील वनस्पतींखेरीज दुसरे कोणतेही अन्न चालत नाही, आणि त्यामुळे या फुलपाखराचा इतिहास हा बऱ्याच अंशी माणसाने मिल्कवीडला कोठे राहू दिले याचाच इतिहास आहे. मिल्कवीड म्हणजे अ‍ॅस्क्लेपिअस या प्रजातीतील बहुवर्षायू वनस्पती होत. पान खुडताच त्यांपैकी बहुतेकांतून पांढरा चीक येतो, आणि महाराष्ट्रातील माळरानावरची रुई त्यांच्याच कुळातली आहे. रुईवर वाढणारे बिबळ्या कडवा हे फुलपाखरूही मोनार्कच्याच प्रजातीतले. मिल्कवीडच्या चिकात कार्डेनोलाइड नावाची, हृदयाच्या कार्यात बिघाड करणारी द्रव्ये असतात. अळी ती पचवून अंगात साठवते आणि तिच्यापासून झालेले फुलपाखरू पक्ष्यांना बाधते. लिंकन ब्राउअर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना अशी फुलपाखरे खाऊ घालून, त्यांना वांती होते आणि पुढे ते त्या रंगाच्या वाटेला जात नाहीत, हे प्रयोगाने दाखवून दिले.

यांतील सर्वांत परिचित जातीचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपिअस सिरियाका असे असले तरी तिचा सीरियाशी काही संबंध नाही. १६३५ साली कॅनडातील वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या झाक कॉर्न्यू या फ्रेंच वैद्याची ही चूक लिनीअसने नामकरण करताना तशीच पुढे चालवली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेची गवताळ कुरणे नांगराखाली आली आणि पूर्वेची जंगले तोडली गेली, तेव्हा या जातीची हानी होण्याऐवजी तिचा प्रसारच झाला, कारण जमिनीखाली आडव्या पसरणाऱ्या तिच्या खोडाचे नांगराने तुकडे झाले तरी त्यांतून नवे कोंब फुटतात. पिकात शिरणारे आणि गुरांना विषबाधा करणारे तण म्हणून शेतकऱ्यांनी तिचा राग केला, आणि तो अकारण होता असे म्हणता येणार नाही. तथापि मक्याच्या ओळींमधून आणि बांधांवरून तिला पुरते हुसकावून लावण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

या तिरस्कारात एकदाच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, खंड पडला. नाविकांच्या जीवरक्षक जाकिटांत तोवर कपोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस भरत असत आणि तो मुख्यतः डचांच्या ताब्यातील जावा बेटावरून येई. १९४२ मध्ये जपानने ते बेट घेतल्यावर हा पुरवठा तुटला. मिल्कवीडच्या बोंडांतील बियांना चिकटलेले रेशमी तंतू, ज्यांच्या आधाराने बी म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते, ते आतून पोकळ असून त्यांवर मेणाचा थर असल्यामुळे पाण्यावर तरंगतात, आणि बोरिस बर्कमन हा शिकागोचा डॉक्टर युद्धापूर्वीपासूनच त्यांच्या उपयोगाचा पुरस्कार करीत होता. मिशिगन राज्यातील पेटोस्की येथे हे तंतू वेगळे करण्याचा कारखाना उभा राहिला, आणि बोंडे गोळा करण्याचे काम मुख्यतः शाळकरी मुलांवर सोपवण्यात आले. मुलांनी रस्त्याकडेची व शेतातील बोंडे खुडून कांद्याच्या जाळीदार पोत्यांत भरावीत, पोती कुंपणावर वाळत घालावीत आणि दोन पोत्यांच्या तंतूंतून एक जाकीट तयार व्हावे, असा हिशेब होता. या कामासाठी मिल्कवीडची लागवड फारशी करावी लागली नाही, रानात आपोआप वाढलेली झाडेच पुरेशी ठरली. ही झाडे त्या वेळी किती विपुल होती याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण. युद्ध संपताच कपोक परतला, पुढे कृत्रिम द्रव्ये आली, आणि मिल्कवीड पुन्हा तण ठरले.

पूर्वेकडील मोनार्क हिवाळ्यात कोठे जातात हे कोडे मात्र १९७५ सालापर्यंत सुटले नव्हते. टोरांटोचे फ्रेड आणि नोरा अर्कार्ट हे दांपत्य अनेक दशके फुलपाखरांच्या पंखांना चिठ्ठ्या चिकटवून त्यांचा माग काढीत होते. त्या वर्षी जानेवारीत त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि कातालिना अग्वादो यांना मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतील ओयामेल वृक्षांवर ती लक्षावधींनी बसलेली आढळली. यामुळे फुलपाखरे झाडांवर किती जागा व्यापतात हे दरवर्षी मोजणे पुढे शक्य झाले, आणि ऱ्हास दिसला तो या मोजणीतूनच: १९९६-९७ च्या हिवाळ्यात सुमारे १८ हेक्टर असलेला विस्तार २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर आला.

या ऱ्हासाला मेक्सिकोतील वृक्षतोड आणि हवामान हीही कारणे आहेत, परंतु मध्य-पश्चिमेत घडलेला बदल मूलगामी होता. ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारे, जनुकीय बदल केलेले सोयाबीन १९९६ साली आणि पाठोपाठ तसाच मका बाजारात आला. पिकाला धक्का न लावता संपूर्ण शेतावर फवारणी करता येऊ लागली, आणि नांगराला जे साधले नव्हते ते या फवारणीने काही वर्षांत साधले. जॉन प्लेझंट्स आणि कॅरन ओबरहाउझर यांच्या अभ्यासानुसार १९९९ ते २०१० या काळात मध्य-पश्चिमेतील मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटले आणि तेथील मोनार्कची निपज ८१ टक्क्यांनी. दुसरी घट मोठी आहे, कारण शेतातील झाडांवर मादी अन्य जागांहून अधिक अंडी घालीत असे.

घरच्या बागेत मिल्कवीड लावण्याची आजची प्रथा या पार्श्वभूमीवर रूढ झाली. कॅन्सस विद्यापीठात १९९२ पासून चालणाऱ्या ‘मोनार्क वॉच’ने २००५ मध्ये, मिल्कवीड आणि मधुरसाची फुले असलेल्या बागांची ‘वे-स्टेशन’ म्हणून, म्हणजे वाटेवरचे विसावे म्हणून, नोंद सुरू केली; कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१४ मध्ये मिल्कवीडला उपद्रवी तणांच्या यादीतून वगळले. ज्याला उपटण्याचे कायदे होते, तेच मिल्कवीड लोक आता विकत घेऊन लावू लागले. हा बदल एका पिढीत झाला आणि तो मनापासून स्वागतार्ह आहे.

मात्र रोपवाटिकांत सहज मिळे ती बहुधा अ‍ॅस्क्लेपिअस कुरासाव्हिका, म्हणजे महाराष्ट्रातल्या बागांतही दिसणारी काकतुंडी. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आहे. देशी जाती शरद ऋतूत वाळतात, पण टेक्सस आणि फ्लोरिडासारख्या उबदार भागांत काकतुंडी वर्षभर हिरवी राहते, म्हणून काही फुलपाखरे स्थलांतर सोडून तेथेच प्रजनन करतात, आणि त्यांच्या अंगावरून पानांवर सांडलेले एका एकपेशीय परजीवीचे बीजाणू पुढच्या पिढीच्या अळ्यांच्या पोटात जातात. रोगट फुलपाखरू कोशातून नीट बाहेरही पडू शकत नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील काही काउंटींनी या जातीची विक्रीच थांबवली. जाणकारांचा आग्रह त्या त्या प्रदेशाच्या जातींचा असतो तो यासाठी: ओलसर जागी इन्कार्नाटा, कोरड्या वालुकामय जमिनीत केशरी फुलांची ट्यूबरोसा, टेक्सस-ओक्लाहोमात व्हिरिडिस. या देशी जातींपैकी बहुतेकींच्या बियांना रुजण्यापूर्वी काही आठवडे ओलसर थंडी लागते, म्हणून त्या शरद ऋतूतच पेरतात किंवा ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवतात.

मध्य-पश्चिमेतून नाहीशी झालेली झाडे एक अब्जाहून अधिक मानली जातात, आणि ती सारी परसांत मावणारी नाहीत. शेतांचे बांध, महामार्गांच्या कडा आणि पडीक जमिनी यांचा वाटा ती भरून काढण्यात मोठा असावाच लागेल. शिवाय काही ठिकाणी मिल्कवीड न लावणे हेच योग्य ठरते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, जेथे पश्चिमेकडील मोनार्क निलगिरी व पाइनच्या राईंत हिवाळा काढतात, तेथे ही झाडे पूर्वी जवळजवळ नव्हतीच. म्हणून ‘झर्सेस सोसायटी’ ही अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या रक्षणासाठी काम करणारी संस्था मध्य व उत्तर किनाऱ्यावरील अशा राईंपासून पाच मैलांच्या आत मिल्कवीड लावू नये आणि त्याऐवजी हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी फुलणाऱ्या स्थानिक मधुरसाच्या वनस्पती लावाव्यात असे सांगते.