सखोल अस्थितिस्थापक प्रकीर्णन

सखोल अस्थितिस्थापक प्रकीर्णन ही प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची अंतर्गत रचना जाणून घेण्याची कणभौतिकीतील एक प्रायोगिक पद्धत आहे. तीत अतिउच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन किंवा न्यूट्रिनो हे कण प्रोटॉनावर आदळवतात आणि टकरीनंतर ते कोणत्या दिशेने व किती ऊर्जेसह बाहेर पडतात, हे मोजतात. टकरीनंतर कणांचे निरनिराळ्या दिशांना विखुरणे म्हणजे प्रकीर्णन. टकरीत प्रोटॉन अखंड राहिला, तर ते प्रकीर्णन स्थितिस्थापक असते. ऊर्जेचा काही भाग प्रोटॉन फोडून नवे कण निर्माण करण्यात खर्च झाला, तर ते अस्थितिस्थापक असते. आदळणारा कण प्रोटॉनाच्या आकारमानापेक्षा पुष्कळ लहान अंतरांचा वेध घेतो, तेव्हा त्याला 'सखोल' म्हणतात.

१९६७ पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड रेषीय वेगवर्धक केंद्रात या पद्धतीने झालेल्या प्रयोगांमुळे प्रोटॉनात बिंदुवत घटक असल्याचा पहिला थेट पुरावा मिळाला. क्वार्क ही केवळ गणिती सोय आहे की ते प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले कण आहेत, या वादाचा निकाल लागण्याची सुरुवात या प्रयोगांपासून झाली.

मूळ तत्त्व

एखादी वस्तू किती बारकाईने पाहता येईल, हे तिच्यावर पडणाऱ्या तरंगांच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. तरंगलांबीपेक्षा लहान तपशील त्या तरंगांनी वेगळे ओळखता येत नाहीत. पुंजयामिकीनुसार प्रत्येक कणाला तरंगाचे गुणधर्म असतात आणि कणाचा संवेग जितका अधिक तितकी त्याची तरंगलांबी कमी असते. प्रोटॉनाची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे. १ फेम्टोमीटर म्हणजे १ मीटरचा १०^१५ वा भाग होय. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या कोट्यवधी पट असल्यामुळे प्रकाशाने प्रोटॉनाची रचना दिसणे शक्य नाही. याउलट २० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी सुमारे ०.०६ फेम्टोमीटर, म्हणजे प्रोटॉनाच्या त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते.

या कामासाठी इलेक्ट्रॉन विशेष सोयीचा ठरतो. त्याला अंतर्गत रचना असल्याचे आजवर आढळलेले नाही. अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याची प्रोटॉनाशी होणारी क्रिया मुख्यतः विद्युतचुंबकीय असते आणि ती अतिशय अचूकपणे गणिताने मांडता येते. त्यामुळे प्रयोगात जे अनपेक्षित दिसेल ते प्रोटॉनाच्या रचनेविषयीचे आहे, असे खात्रीने म्हणता येते.

पूर्वपीठिका

प्रकीर्णनावरून अदृश्य रचनेचे अनुमान करण्याचा पायंडा अर्नेस्ट रदरफर्ड यांनी घातला. १९०९ मध्ये मँचेस्टर येथे हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांना सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी काही कण मोठ्या कोनातून मागे फिरताना आढळले. अणूतील धन विद्युतभार सर्वत्र पसरलेला असता, तर असे घडले नसते. या निरीक्षणावरून रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी अतिशय लहान व जड अणुकेंद्र असल्याचे दाखवून दिले.

प्रोटॉन हा मूलभूत कण नसावा, असा पहिला संकेत १९३३ मध्ये ऑटो स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांतून मिळाला. प्रोटॉनाचे चुंबकीय परिबल, रचना नसलेल्या कणासाठी सिद्धांताने दिलेल्या मूल्याच्या सुमारे अडीचपट भरले. त्याचे आजचे मूल्य सुमारे २.७९ पट आहे.

१९५० च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रॉनांच्या स्थितिस्थापक प्रकीर्णनाचे प्रयोग केले. इलेक्ट्रॉनाकडून प्रोटॉनाला दिला जाणारा संवेग वाढवत नेल्यास प्रकीर्णनाची संभाव्यता, प्रोटॉन बिंदुरूप मानून काढलेल्या अपेक्षेच्या मानाने झपाट्याने घटते, असे त्यांना आढळले. ही घट मोजणाऱ्या राशीला आकार गुणक म्हणतात. तिच्यावरून प्रोटॉनाचा विद्युतभार सुमारे ०.८ फेम्टोमीटर त्रिज्येच्या प्रदेशात पसरलेला असल्याचे निश्चित झाले. या कार्याबद्दल हॉफस्टॅटर यांना १९६१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. प्रोटॉनाला आकारमान आहे हे कळले. मात्र हा विद्युतभार ढगासारखा सलग पसरलेला आहे, की काही लहान कणांच्या रूपाने विभागलेला आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

१९६४ मध्ये मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे असे सुचवले की प्रोटॉन, न्यूट्रॉन व त्यांच्यासारखे अनेक कण अपूर्णांकी विद्युतभाराच्या घटकांचे बनलेले असावेत. गेल-मान यांनी या घटकांना क्वार्क हे नाव दिले. या कल्पनेनुसार प्रोटॉनात +२/३ विद्युतभाराचे दोन अप क्वार्क आणि −१/३ विद्युतभाराचा एक डाउन क्वार्क असतो. या कल्पनेने कणांचे वर्गीकरण सुरेख जमत असले, तरी सुटा क्वार्क कोणत्याही प्रयोगात सापडत नव्हता. त्यामुळे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ क्वार्कना खरे कण मानण्यास तयार नव्हते.

स्टॅनफर्ड येथील प्रयोग

स्टॅनफर्ड येथे सुमारे ३.२ किलोमीटर लांबीचा रेषीय वेगवर्धक १९६६ मध्ये पूर्ण झाला. त्यातून २० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळू लागले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जेरोम फ्रीडमन व हेन्री केंडल आणि स्टॅनफर्ड केंद्राचे रिचर्ड टेलर यांच्या नेतृत्वाखालील गटाने हे इलेक्ट्रॉन द्रवरूप हायड्रोजनाच्या लक्ष्यावर सोडले. हायड्रोजनाचे अणुकेंद्र म्हणजे एकच प्रोटॉन असल्यामुळे हे लक्ष्य निवडण्यात आले होते.

विखुरलेले इलेक्ट्रॉन टिपण्यासाठी प्रचंड चुंबकीय वर्णपटमापक वापरले गेले. लक्ष्याभोवती वर्तुळाकार रुळांवर फिरवून ते हव्या त्या कोनात नेता येत असत. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनाचा मार्ग किती वळतो, यावरून त्याचा संवेग कळत असे. टकरीत निर्माण होणारे पायॉन इलेक्ट्रॉनांपासून वेगळे ओळखणे आणि इलेक्ट्रॉन वाटेत प्रारणाच्या रूपाने जी ऊर्जा गमावतात तिची दुरुस्ती करणे, ही या मोजमापांतील दोन मोठी कामे होती.

पहिली अस्थितिस्थापक मोजमापे ६° व १०° या कोनांत झाली. प्रोटॉन आतून सलग असता, तर हस्तांतरित संवेग वाढताच प्रकीर्णित इलेक्ट्रॉनांची संख्या स्थितिस्थापक प्रकीर्णनाप्रमाणेच कोसळायला हवी होती. हस्तांतरित संवेगाचा वर्ग योग्य एककांत ४ इतका असताना आकार गुणकाचा वर्ग सुमारे दोन हजारांत एक इतका खाली येतो. प्रत्यक्षात मात्र सखोल अस्थितिस्थापक प्रकीर्णनाची संभाव्यता हस्तांतरित संवेगानुसार फारच थोडी घटली. १९६८ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत हे निष्कर्ष सादर झाले. केंद्राचे संचालक वुल्फगांग पॅनॉफ्स्की यांनी त्या परिषदेत प्रोटॉनात बिंदुवत विद्युतभारित घटक असण्याची शक्यता बोलून दाखवली. रदरफर्ड यांना अणूत जे दिसले होते, तेच आता प्रोटॉनात दिसत होते.

मोजमापांवरून घटकांचे अनुमान

या पद्धतीत प्रोटॉनाचे तुकडे न पाहता केवळ विखुरलेल्या इलेक्ट्रॉनावरून आतील घटकाची माहिती काढता येते. स्थिर प्रोटॉनावरील स्थितिस्थापक टकरीत प्रकीर्णनाचा कोन ठरला की इलेक्ट्रॉनाची अंतिम ऊर्जाही ठरते. इलेक्ट्रॉन अखंड प्रोटॉनाऐवजी त्यातील एखाद्या घटकावर आदळला, तर हा संबंध बदलतो. हा बदल 'क्ष' या एका संख्येने दर्शवता येतो. हस्तांतरित संवेगाचा वर्ग, प्रोटॉनाचे वस्तुमान आणि इलेक्ट्रॉनाने गमावलेली ऊर्जा यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागला की क्ष मिळतो. त्याचे मूल्य ० ते १ यांदरम्यान असते. प्रोटॉन अतिवेगाने जात आहे असे मानले, तर प्रोटॉनाच्या एकूण संवेगाचा जो अंश तो घटक वाहून नेत असतो, तो म्हणजेच क्ष होय.

उदाहरणार्थ, १० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन १०° कोनात विखुरला आणि टक्कर स्थितिस्थापक असली, तर त्याची उरलेली ऊर्जा सुमारे ८.६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ती त्याऐवजी ६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट भरली, तर क्ष सुमारे ०.२४ येतो. म्हणजे तो इलेक्ट्रॉन प्रोटॉनाच्या जवळपास चतुर्थांश संवेग वाहणाऱ्या घटकावर आदळला होता. अशा असंख्य टकरींची नोंद घेऊन क्षच्या प्रत्येक मूल्याला किती घटक आढळतात, याचा आलेख काढतात. या माहितीचे वर्णन करणाऱ्या राशींना संरचना फलने म्हणतात.

जेम्स ब्यॉर्केन यांनी असे भाकीत केले होते की अतिउच्च ऊर्जेला संरचना फलने ऊर्जाव्यय व हस्तांतरित संवेग या दोन राशींवर स्वतंत्रपणे अवलंबून न राहता केवळ त्यांच्या गुणोत्तरावर, म्हणजे क्षवर, अवलंबून राहतील. या गुणधर्माला स्केलिंग म्हणतात. प्रयोगात तो स्पष्टपणे दिसला. रिचर्ड फाइनमन यांनी त्याचा सोपा भौतिक अर्थ सांगितला. प्रोटॉन बिंदुवत घटकांचा समूह असून इलेक्ट्रॉन त्यांपैकी एकावरच स्थितिस्थापकपणे आदळतो. बिंदूला आकारमान नसल्यामुळे तो अधिक बारकाईने पाहिला, तरी वेगळा दिसत नाही. फाइनमन यांनी या घटकांना पार्टॉन असे नाव दिले.

पार्टॉन आणि क्वार्क

पार्टॉन म्हणजेच क्वार्क, हे ठरवण्यासाठी त्यांचे गुणधर्म तपासणे आवश्यक होते. कर्टिस कॅलन व डेव्हिड ग्रॉस यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की पार्टॉनाचे परिवलन, म्हणजेच स्पिन, १/२ असल्यास दोन संरचना फलनांमध्ये विशिष्ट संबंध असला पाहिजे. लहान व मोठ्या कोनांतील मोजमापांच्या तुलनेतून हा संबंध जवळजवळ खरा ठरला. क्वार्कचे परिवलन १/२ असणेच अपेक्षित होते.

विद्युतभाराची कसोटी न्यूट्रिनोंमुळे घेता आली. न्यूट्रिनो विद्युतभारशून्य असतो आणि दुर्बल परस्परक्रियेमुळे विखुरतो. त्यामुळे त्याच्या प्रकीर्णनावर पार्टॉनांच्या विद्युतभाराचा परिणाम होत नाही. इलेक्ट्रॉनाच्या प्रकीर्णनात मात्र विद्युतभाराचा वर्ग येतो. अप व डाउन क्वार्कच्या विद्युतभारांच्या वर्गांची सरासरी ५/१८ आहे. १९७० च्या दशकात युरोपातील सर्न येथील गारगामेल या बुद्बुद कोठीत मिळालेली न्यूट्रिनोंची मोजमापे स्टॅनफर्डच्या मोजमापांशी ताडून पाहिली, तेव्हा हेच गुणोत्तर आढळले. अपूर्णांकी विद्युतभाराची कल्पना अशा रीतीने प्रयोगाला उतरली. फ्रीडमन, केंडल व टेलर यांना १९९० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ग्लुऑन व क्वार्कांचा सागर

सर्व क्वार्कांच्या संवेगांची बेरीज केली असता ती प्रोटॉनाच्या संवेगाच्या केवळ निम्मी भरली. उरलेला संवेग विद्युतभार नसलेल्या, म्हणून इलेक्ट्रॉनाला न दिसणाऱ्या घटकांकडे असला पाहिजे. हे घटक म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणारे ग्लुऑन होत. ग्लुऑनाचा थेट पुरावा १९७९ मध्ये हॅम्बुर्ग येथील डेझी प्रयोगशाळेत मिळाला.

घट्ट बांधलेले क्वार्क टकरीच्या वेळी मोकळ्या कणांसारखे कसे वागतात, याचे उत्तर १९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक व डेव्हिड पोलित्झर यांनी दिले. प्रबल बल लहान अंतरांवर क्षीण होत जाते, असे त्यांनी दाखवले. या गुणधर्माला अनंतस्पर्शी स्वातंत्र्य म्हणतात. या शोधासाठी तिघांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच सिद्धांतानुसार स्केलिंग पूर्णपणे अचूक असू शकत नाही. क्वार्क सतत ग्लुऑन उत्सर्जित करतात आणि ग्लुऑनांपासून क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोड्या निर्माण होतात. त्यामुळे अधिक बारकाईने पाहिले असता कमी संवेगाचे घटक अधिकाधिक संख्येने दिसतात.

हॅम्बुर्ग येथे ६.३ किलोमीटर परिघाच्या हेरा या यंत्रात १९९२ ते २००७ या काळात इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन यांच्या प्रोटॉनांशी समोरासमोर टकरी घडवण्यात आल्या. क्षच्या अतिशय लहान मूल्यांना ग्लुऑन व सागर क्वार्क यांची संख्या झपाट्याने वाढते, असे या प्रयोगांत आढळले. तीन क्वार्कांचे परिचित चित्र प्रोटॉनाचा एकूण विद्युतभार सांगण्यास पुरेसे असले, तरी त्याची पूर्ण रचना त्याहून बरीच गुंतागुंतीची आहे. अप व डाउन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने प्रोटॉनाच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्काच भरतात. उरलेले बहुतांश वस्तुमान क्वार्क व ग्लुऑन यांची गती आणि त्यांच्यातील परस्परक्रिया यांच्या ऊर्जेतून येते.

अनुत्तरित प्रश्न

प्रोटॉनाचे परिवलन तीन क्वार्कांच्या परिवलनांतून येते, असा समज होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्न येथे ध्रुवित म्यूऑनांच्या प्रकीर्णनातून क्वार्कांचा वाटा अपेक्षेहून फारच कमी असल्याचे दिसले. नंतरच्या प्रयोगांनुसार तो साधारण एक-तृतीयांश आहे. उरलेला वाटा ग्लुऑनांच्या परिवलनात आणि घटकांच्या कक्षीय गतीत कसा विभागला आहे, याचा शोध चालू आहे. या व इतर प्रश्नांसाठी इलेक्ट्रॉन व आयन यांच्या टकरी घडवणारे नवे यंत्र उभारण्याकरिता २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेची निवड करण्यात आली.

सखोल अस्थितिस्थापक प्रकीर्णनातून मिळालेली क्वार्क व ग्लुऑन यांची संवेगवाटणी इतर प्रयोगांनाही आवश्यक असते. सर्न येथील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दोन प्रोटॉन आदळतात, तेव्हा खरी टक्कर त्यांच्या घटकांमध्ये होते. त्यामुळे हिग्ज बोसॉनासारखे कण किती वेळा निर्माण होतील, याचे गणित या वाटणीच्या आधारेच मांडले जाते.

हे सुद्धा पहा

प्रोटॉन
क्वार्क
ग्लुऑन
कण वेगवर्धक
अर्नेस्ट रदरफर्ड